फुगे मोजणारे नाना

नानांना गाडी चालवता येत नव्हती. मोटार नाही, स्कूटर नाही, आणि सायकल त्यांनी लहानपणी घाटशिळेच्या उतारावर एकदा जी सोडली ती परत धरली नाही. तरी तुळजापुरात आमच्या गल्लीत गाड्यांबाबत शेवटचा शब्द त्यांचाच असायचा.

नाना म्हणजे गंगाधरनाना, देवीचे पुजारी. देवळात त्यांची पाळी असेल तेव्हा ते आत, एरवी गल्लीच्या तोंडाशी. आजूबाजूच्या चार जिल्ह्यांतला माणूस नवी गाडी घेतली की ती आधी देवीच्या पायाशी आणतो. गाडी देवळात नेता येत नाही, म्हणून ती आमच्या गल्लीत यायची आणि नाना तिची पूजा करायचे. मी कन्याशाळेत शिकवायची. नानांच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. वह्या तपासायला खिडकीत बसलं की हा सगळा सोहळा फुकटात दिसायचा, आणि वह्या तशाच राहायच्या.

यजमान गाडीतनं उतरला की नाना ताट हातात धरून पहिला प्रश्न करायचे, "फुगे किती?"

नवखा माणूस गडबडायचा. त्याला वाटायचं, पूजेला फुगे लागतात आणि ते आणायचे राहिले. बायकोकडं बघायचा, बायको पिशवीत बघायची. मग नाना समजावून सांगायचे, की ठोकर बसल्यावर गाडीतनं निघत्यात ते. एअरबॅग हा शब्द त्यांना येत होता, पण मान्य नव्हता. "बॅग म्हणजे पिशवी. पिशवी कुणाला वाचवतीय?" असं त्यांचं म्हणणं.

दोन फुगे म्हटलं की नाना जरा गंभीर व्हायचे. "दोनच? बरं. मग दमानं हाना. सगळंच देवीवर ढकलू नका, तिला दिवसभर लई माणसं असत्यात." सहा म्हटलं की चेहरा खुलायचा. सहा कर्ते मुलगे असलेल्या बापाकडं बघावं तसं ते त्या यजमानाकडं बघायचे आणि कुंकवाचं बोट जरा जास्तच बुडवायचे.

ही सगळी विद्या ऐकीव. एका यजमानाकडनं ऐकायचं, दुसऱ्याला सांगायचं, आणि मधल्या मधे स्वतःची थोडी भर घालायची. टर्बो म्हणजे काय, असं मी एकदा मुद्दामच विचारलं. नाना म्हणाले, "बाई, चढाला इंजिनाला दम लागू नये म्हणून त्याला वारं घालत्यात." आता हे फार चूक आहे असं मला आजही म्हणता येत नाही. नव्या ब्रेकचं त्यांनी असं सांगितलं, की तो चाक गच्च आवळत नाही, धरतो-सोडतो, धरतो-सोडतो, लेकराला चालायला शिकवताना बोट धरतात तसं. तीन सिलिंडरच्या इंजिनावर मात्र त्यांचा राग होता. "चौथा कुठं गेला?" हे ते यजमानाला असं विचारायचे, जणू त्यानंच वाटेत काढून विकला.

मग बॅटरीवरच्या गाड्या यायला लागल्या. पहिली आली ती धाराशिवच्या एका वकिलाची. नानांनी रिवाजाप्रमाणं सांगितलं, "झाकण उघडा, इंजिनाला हळदकुंकू लावू." वकील म्हणाले, "नाना, हिला इंजिन नाही." नानांनी उघडलेलं झाकण हळूच लावलं आणि मयताला गेल्यावर विचारतात त्या आवाजात विचारलं, "मग हाय काय?" बॅटरी आहे आणि ती खाली आहे असं कळल्यावर धोतर सावरून ते रस्त्यावर बसले, मान तिरकी करून गाडीखाली गेले आणि दिसेल त्या लोखंडाला कुंकू लावून आले. धोतराची जी दशा झाली त्यावरनं त्यांच्या बायकोनं, माईंनी, दोन दिवस अबोला धरला.

त्यांच्या हातनं घोटाळे व्हायचे ते असेच, भक्तीपोटी. लातूरच्या एका डॉक्टरांनी भारी गाडी आणली. समोर कुणी आलं तर ही आपोआप थांबते, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. नानांनी गाडीच्या नाकावर झेंडूचा मनगटाएवढा जाड हार चढवला आणि समोरच्या काचेवर मधोमध मोठं स्वस्तिक काढलं. डॉक्टरांनी गाडी सुरू केली तर ती टुं टुं करत बसली. डॉक्टर खाली डोकं घालून पडदा वाचायला लागले. "नाना, समोरचं काही दिसत नाही म्हणते गाडी."

"मुंडावळ्या बांधल्यावर नवरदेवाला तरी काय दिसतंय?" नाना म्हणाले.

पण हार त्यांनी लगेच काढला, काच स्वतःच्या उपरण्यानं पुसली. त्या दिवसापासून दुसरा प्रश्न सुरू झाला, "डोळा कुठंय हिचा?" आणि आरशामागचा तो बारीक कॅमेरा वगळून स्वस्तिक कडेला जायला लागलं.

किल्लीची गोष्ट तर सगळ्या गल्लीला पाठ आहे. किल्लीची पूजा व्हायची म्हणून ती ताटात ठेवायची पद्धत. सोलापूरच्या एका कुटुंबानं बटणावर सुरू होणारी गाडी आणली. किल्ली ताटात, ताट गाडीच्या झाकणावर, वरनं फुलं, अक्षता. पूजा झाली, बटण दाबलं, गाडी सुरू झाली. नाना ताट घेऊन घरात गेले आणि किल्ली फुलांखाली गेली ती गेलीच. गाडी ओरडत होती म्हणे, पण नव्या गाडीचं ओरडणं कुणाला कळतंय? मंडळी तशीच सोलापूरला पोहोचली, घरासमोर गाडी बंद केली, आणि मग ती काही केल्या सुरू होईना. इकडं माई निर्माल्य काढायला बसल्या तर झेंडूत किल्ली. नाना तसेच एसटीनं सोलापूरला गेले, किल्ली सोवळ्याच्या पिशवीत घालून. परत आल्यावर त्यांचा निष्कर्ष एवढाच, की गाडी देवीच्या आशीर्वादावर चालते हे आता सिद्ध झालं, फक्त थांबवायची नाही.

हसत होतो आम्ही, पण एका बाबतीत नाना हसू द्यायचे नाहीत. पट्टा. पूजा झाल्यावर सगळ्यांनी गाडीत बसायचं, पुढच्यांनी आणि मागच्यांनीही पट्टे लावायचे, मग नाना प्रत्येकाचा पट्टा एकदा ओढून बघणार, आणि मगच प्रसाद. एक नऊवारीतल्या आजी भडकल्या. "मला काय बांधून घालतो रे? मी काय म्हस हाय?"

नाना खिडकीत वाकून म्हणाले, "आजी, सीमोल्लंघनाला देवी निघती, तवा तिला साड्यांवर साड्या गुंडाळून, नीट बांधून मगच पालखीत घेत्यात. धक्का लागू नये म्हणून. तिला बांधलेलं चालतंय, आन तुमाला न्हाय?"

आजींनी मुकाट्यानं पट्टा लावून घेतला.

परंड्याची रेखा आणि तिचा नवरा संजयराव हे नानांचे पिढीजात यजमान. परंड्यात त्यांचं कापडाचं दुकान. संजयरावांच्या आजोबांपासून हे घर नानांच्याच घरी उतरायचं. रेखा या घरात सून म्हणून आली तेव्हा देवीपुढं तिची पहिली ओटी माईंनीच भरली होती. नाना तिला पोरीच म्हणायचे.

त्यांनी पहिली गाडी घेतली तेव्हा नानांना आपल्याच घरी गाडी आल्याचा आनंद झाला. फुगे सहा. रेखानं पितळेची देवीची मूर्ती आणली होती, वीतभर उंच, चांगली जड. गाडीत मूर्ती बसवणं हे नानांचंच काम, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी त्यांच्याकडं कायम असायची. नानांनी मूर्ती मधे धरली. रेखा डाव्या बाजूच्या सीटवर बसली होती. ती म्हणाली, "नाना, माझ्या समोर बसवा की. येता-जाता हात जोडता येत्यात."

नानांनी तिच्या समोरचा भाग हातानं चाचपला. सपाट, गुळगुळीत, वर काही उठावदार इंग्रजी अक्षरं. "हे बघ, कंपनीनंच देवीसाठी जागा सोडलीय. वर नावबी कोरलंय आपलं." संजयराव पदवीधर, पण नव्या गाडीच्या आनंदात ती अक्षरं त्यांनीही वाचली नाहीत. त्या अक्षरांच्या खालीच रेखाच्या बाजूचा फुगा होता. नानांनी पट्टी दुहेरी लावली, मूर्ती दाबून धरली, हलवून बघितली. पक्की बसली होती.

वर्ष गेलं असेल. एका संध्याकाळी बार्शीच्या अलीकडं उसाची ट्रॉली रस्त्यात उभी, मागं दिवा नाही की लाल कापड नाही. संजयरावांनी ब्रेक दाबला पण गाडी जाऊन धडकलीच. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "नाना, वाचलो. फुगे निघाले." रेखाला थोडं लागलंय, पण बरी आहे, एवढंच सांगितलं.

नानांनी गल्लीत पेढे वाटले. घराघरात जाऊन सांगितलं, फुगे निघाले. जणू त्यांनीच फुगवून आत ठेवले होते. माझ्या दारात तर ते दोनदा पेढा देऊन गेले.

रविवारी ते आणि माई बघायला निघाले, मलाही घेतलं. एसटीनं बार्शी, तिथनं परंडा. वाटेत नाना शेजारच्या प्रवाशाला फुगा कसा डोळ्याचं पातं लवायच्या आत निघतो ते समजावत होते.

रेखा दिवाणावर पडली होती. हनुवटीला टाके, वरचा ओठ सुजलेला, पुढचे दोन दात गेलेले. बोलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. संजयराव उत्साहानं सांगत होते, त्यांच्या मनात काही नव्हतं. "माझ्या बाजूचा फुगा नुसता आला, मला ओरखडासुद्धा न्हाय. हिच्या बाजूचाबी आला, पण त्याच्यावर देवी होती ना, ती उडून तोंडावर आली."

माईंनी नानांकडं बघितलं. नानांच्या हातातला चहा तसाच राहिला.

संजयरावांच्या आईंनी आतनं मूर्ती आणून नानांपुढं ठेवली. मुकुट एका बाजूला दबला होता. पाठीमागं नानांची पट्टी तशीच, तिला काळ्या प्लास्टिकचा तुकडा धरून राहिलेला. म्हाताऱ्या हळू आवाजात म्हणाल्या, "नाना, तुमी पुजारी हायसा म्हणून इचारते. देवीनं वाचवलं म्हणू, का देवीनंच मारलं म्हणू?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

नानांनी चहा खाली ठेवला. रेखा हात हलवून काहीतरी सांगायला लागली, तर संजयरावांनी तिला गप्प केलं, टाके ताणतील म्हणून. नाना तिच्याकडं बघत होते आणि ती नानांकडं. येताना एसटीत त्यांनी शेजारच्या माणसाला एक शब्द सांगितला नाही. बार्शीला गाडी बदलताना माई म्हणाल्या, "पोरगी काय सांगत व्हती कुणाला ठाव." नाना म्हणाले, "काय सांगणार? माझंच नाव घेत असंल."

त्या दिवसापासून नानांनी गाड्यांना हात लावणं सोडलं. देवळातली पाळी चालू होती, पण गल्लीत गाडी आली की म्हणायचे, "पलीकडं अण्णांकडं जा." अण्णा हे दुसऱ्या आळीतले पुजारी. यजमान हिरमुसून जायचे. माई चिडायच्या. नाना ओट्यावर बसून राहायचे, पण स्वस्थ बसायचे नाहीत. गाड्या लावायच्या मैदानात जाऊन, हात पाठीमागं बांधून, प्रत्येक गाडीच्या काचेतनं आत बघत हिंडायचे. डाव्या बाजूला मूर्ती दिसली की ड्रायव्हरला गाठायचे. "ती काढा तिथनं."

पुजारीच मूर्ती काढा म्हणतोय हे कुणाला पटणार? कर्नाटकाकडचा एक ड्रायव्हर तर अंगावर आला. "तुम्ही पुजारी का कोण? देवी काढा म्हणता?" पूर्वीचे नाना असते तर देवीच्या वतीनं दोन शब्द ऐकवले असते. आता ते नुसतं म्हणाले, "कंपनीचं तसं म्हणणं हाय."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. उभा जन्म ज्यानं देवीच्या नावानं बिनधास्त हुकूम सोडले, तो माणूस कंपनीचा आधार घेऊन बोलत होता. मी त्यांना म्हटलं, रेखाला एकदा फोन तरी करा. ते म्हणाले, "बाई, फोनवर काय बोलू? तिच्या तोंडाचं वाटोळं केलंय मी." रेखानं आपल्याला माफ केलंय की नाही, एवढं एकच त्यांना हवं होतं, आणि तेच विचारायची हिंमत होत नव्हती.

माझी भूमला बदली झाली. टेंपोत सामान चढत होतं त्या सकाळी गल्लीत एक पांढरी नवी गाडी शिरली. चालवत होती रेखा. शेजारी संजयराव अंग चोरून बसलेले, बायकोच्या हातात स्टिअरिंग असताना नवरे बसतात तसे. नानांनी ओट्यावरनं बघितलं आणि उठून घरात गेले.

रेखा त्यांच्या मागोमाग घरात गेली. मी सामान सोडून त्यांच्या उंबऱ्यापाशी गेले, मला राहवलं नाही.

"नाना, गाडी आणलीय."

"अण्णांकडं जा, पोरी. ते चांगली करत्यात."

"मी अण्णांची यजमान न्हाय." ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "त्या दिवशी मला कुणी बोलू दिलं न्हाय. जागा मीच दाखवली होती ना? माझ्या समोर बसवा म्हणून मीच मागं लागले होते."

"तू लागशील. तुझं काय, तुला हात जोडायचे होते. मला कळाया नको? जगाला फुगे किती इचारत हिंडलो, आन ते निघत्यात कुठनं, हे एकदाबी इचारलं न्हाय." नानांनी उपरण्यानं डोळे पुसले. "लई वाईट वाटतंय गं मला. तुझं तोंड डोळ्यापुढनं हलत न्हाय."

"आन पट्टा कुणी लावला होता? तुमी ओरडायचा म्हणून आमी गावातल्या गावातबी पट्टा लावायला शिकलो. डॉक्टर म्हणले, पट्टा नसता तर दातांवर भागलं नसतं."

नाना म्हणाले, "तुझ्या सासूला माझं उत्तर सांग. त्या दिवशी मला सुचलं न्हाय. देवीनं मारलं न्हाय. मूर्ती मी लावली, माझ्या हातानं, दुहेरी पट्टी लावून. दोष माझा हाय, तिला त्यात ओढू नका."

"सांगते. पण त्यांनी ती मूर्ती कवाच देव्हाऱ्यात बसवलीय. रोज न्हाऊ घालत्यात." मग ती एकदम हसली आणि बोटानं दाखवलं. "दात बघा की. पयल्यापेक्षा सरळ बसलेत."

नाना रडता रडता हसायला लागले. माई पदर डोळ्याला लावून आत गेल्या, माझंही काही बरं नव्हतं.

नाना बाहेर आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. माईंनी ताट आणलं, त्यात गाडीपुढं फोडायचा नारळ होता. नानांनी तो उचलला, जरा वेळ हातात धरला आणि माईंना म्हणाले, "गाडीला काय करायचाय? लोखंड ते. ह्यानं पोरीची ओटी भर."

माईंनी आतनं खण आणि तांदूळ आणले. भर गल्लीत, नव्या गाडीच्या दारापाशी, त्यांनी रेखाची ओटी भरली. हनुवटीवरच्या व्रणाच्या जरा वर हात लावून तिच्या तोंडावरनं हात फिरवला. मग नानांनी गाडीला कुंकू लावलं, आत वाकून डाव्या-उजव्या दोन्ही बाजू हातानं चाचपून बघितल्या. रेखा ओटीचा पदर तसाच मांडीवर सांभाळत स्टिअरिंगवर बसली. पट्टा लावला. नानांनी तो ओढून बघितला, आणि त्यांची नजर तिच्या मांडीवरच्या नारळावर गेली.

"हा इथं न्हाय ठेवायचा. फुगा निघाला तर तोंडावर येईल. डिकीत ठेव."

"ओटी डिकीत?" माई ओरडल्याच. "अहो, काय बोलताय? देवीची ओटी हाय ती."

रेखाचा हात नारळावर थांबला. संजयराव एकदा तिच्याकडं, एकदा नानांकडं बघायला लागले. नाना सरळ उभे राहिले.

"देवीला चालतंय," ते म्हणाले. "मी तिचा पुजारी हाय. मी सांगतो."

नानांनी उपरणं काढलं, ओटी त्यात नीट गुंडाळली, चारी टोकांना गाठी मारल्या आणि डिकीत कोपऱ्याला दाबून बसवली. गाडी मागंच घ्यायची होती; तिच्यात मागचं दाखवणारा कॅमेरा होता, पडद्यावर रस्ता लख्ख दिसत होता. तरी नाना गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले आणि डिकीवर थाप मारत, रिकामा रस्ता दुसऱ्या हातानं अडवत, "येऊ दे, येऊ दे" करत गल्लीच्या तोंडापर्यंत उलटे चालत गेले.